अंड्याएवढा वाटा

कणकेनं तुकडा गिळला त्याचा आवाजसुद्धा झाला नाही. फोन वाजला म्हणून आल्टे वळली, कोपराला काहीतरी मऊ लागल्यासारखं झालं, आणि परत वळून बघते तर ओट्याच्या कडेवरचा चांदीचा कागद रिकामा. खाली स्टुलावरच्या परातीत शब्बाथच्या, शनिवारच्या पवित्र दिवसाच्या, पावांची कणीक होती तशी होती. पिवळसर, गुळगुळीत, तेलानं चकाकणारी, पोटभर जेवून पडल्यासारखी निवांत. कुठे खळगा नाही, सुरकुती नाही. क्षणभर तिला वाटलं, आपण तुकडा तोडलाच नसेल. पण बोटं अजून चिकट होती, आणि ‘हा वाटा’ हे शब्द तिनं आत्ताच, स्वतःच्या तोंडानं, भिंतींना ऐकू जातील असे म्हटले होते. एकदा तसं म्हटलं की तो तुकडा घरातला राहत नाही. ज्यूंचं मंदिर उभं होतं त्या काळात तो पुरोहिताच्या घरी जायचा. मंदिर गेलं, पुरोहित नावापुरते उरले, तेव्हापासून तो भट्टीच्या तळाशी जळून कोळसा होतो. माणसाच्या तोंडी मात्र जात नाही. आणि असा वेगळा काढलेला वाटा परत कणकेत पडला, तर तो मुकाट्यानं घरी परतल्यासारखा परतत नाही. सगळ्या कणकेला आपल्यासारखं करून टाकतो. मग ती कुणीच खायची नाही. हे तिला लहानपणापासून माहीत होतं, जसं हौदात वाकायचं नाही हे माहीत असतं. फक्त तिच्या ओळखीत कुणी हौदात पडलं नव्हतं.

फोन वाजायचा थांबेना. तिनं तो दोन बोटांत धरून उचलला. पलीकडे ब्रायना होती, समोरच्या जिन्यावर राहणारी, लग्न होऊन या आवारात आली आणि आल्याआल्या आवाराचा कारभार हातात घेतलेली. रविवारी आल्टेच्या पोटातली गाठ काढायची होती. डॉक्टर म्हणाले होते, उघडल्याशिवाय काही सांगता येत नाही. चांगलं काही सांगायचं असतं तर न उघडताही सांगितलं असतं, एवढं आल्टेला कळलं होतं. ब्रायनाला हे समजलं त्या संध्याकाळीच तिनं चाळीस घरं गोळा केली. आज शुक्रवारी चाळीस बायका आपापल्या कणकेतून वाटा काढताना आल्टेचं नाव घेणार होत्या. आजाऱ्याचं नाव घ्यायचं ते आईच्या नावासकट, बापाच्या नाही. वर ओळख पटते ती आईवरून. आणि तेवढंच सांगायचं आल्टे कालपासून टाळत होती.

“आल्टे, किती वाट बघायची? निम्म्या जणींची कणीक पातेल्याबाहेर आलीय,” ब्रायना म्हणाली. “आईचं नाव सांग आणि मोकळी हो. आमच्या सासूबाई म्हणतात हेन्या. पण त्यांना हल्ली मीसुद्धा हेन्याच वाटते.”

“तासाभरात सांगते.”

“अगं, स्वतःच्या आईचं नाव आठवायला तास लागतो?”

आल्टेनं फोन ठेवला. परातीजवळ येऊन उभी राहिली. नेहमी ती सुपारीएवढा तुकडा तोडायची, तेवढा पुरतो. आज हातानं अंड्याएवढा तोडला होता. का, ते तिनं विचारलं नव्हतं हाताला. भ्यालेला माणूस दानपेटीत नाणं टाकताना जरा जास्तच टाकतो, तसं काहीतरी. तिनं एक बोट कणकेत खुपसलं. कणीक कोमट होती. ताप उतरत असलेल्या पोराच्या पोटासारखी कोमट. बोट काढलं तशी ती हळूच भरून आली, आणि भरून येताना डाव्या अंगाला किंचित जास्त फुगल्यासारखी वाटली. तिथे असेल तो. तिनं तिथे चिमटा काढला, हातावर घेऊन बघितला, कणीकच होती. पण तोही कणीकच होता ना. एकाच गोळ्यातला, त्याच अंड्यांचा, त्याच मिठाचा. काढला तेव्हा कुठे वेगळा दिसत होता? वेगळा झाला तो शब्दानं. आता तो आत कुठेतरी होता, आपण वेगळे आहोत हे ठाऊक असलेला, आणि भोवतीची कणीक त्याला धरून फुगत होती. तिचा दुसरा हात नकळत तिच्या स्वतःच्या पोटावर, डाव्या बाजूला गेला होता. तो तिनं काढून घेतला, एप्रनला पुसला, आणि परातीवर स्वच्छ फडकं टाकलं. फडक्याखाली काहीतरी झोपल्यासारखं दिसायला लागलं, म्हणून तिनं ते परत काढलं.

आईचं नाव. नाव आठवण्याचा प्रश्नच नव्हता. आल्टेला दोन नावं आठवत होती.

तिच्या आधी, तिला जन्म देणाऱ्या ब्लूमाची दोन मुलं गेली होती, घशाच्या रोगानं. घरात त्यांची नावं कधी कुणी घेतली नाहीत; फक्त दाराशेजारच्या भिंतीत, मोठ्यांच्या कोटांच्या खुंट्यांखाली, दोन खुंट्या खूप खाली ठोकलेल्या होत्या आणि त्यांवर कधी काही टांगलेलं नसायचं. मग तिसरी ही, गेनेंडल. चौथ्या वर्षी हिचाही घसा धरला. ब्लूमा रडली नाही म्हणतात. तिनं पोरीला गोधडीत गुंडाळलं आणि भर दुपारी आवार ओलांडून हेन्याच्या दारात गेली. हेन्याची अकरा पोरं, अकराही धट्टीकट्टी. मृत्यूला तिच्या घराचा रस्ताच माहीत नव्हता. हेन्या मासा साफ करत होती. तिनं हात पुसले, एप्रनच्या खिशातून एक नाणं काढून ब्लूमाच्या हातावर ठेवलं आणि तीनदा मोठ्यानं म्हटलं, मुलगी माझी. नावही तिथेच बदललं. गेनेंडलच्या पुढे आल्टे लागलं, आल्टे म्हणजे म्हातारी. आता ब्लूमाची लहानगी गेनेंडल शोधत जो कुणी येईल, त्याला इथे ब्लूमाची मुलगी सापडणार नव्हती. सापडणार होती ती हेन्याची म्हातारी. संध्याकाळी ताप उतरला. गिऱ्हाइकानं माल उचलला आणि दुखणं दुकानातच राहिलं, असं हेन्या पुढे हसत हसत सांगायची, आणि ऐकणारे हसायचे. ब्लूमा हसायची नाही.

विकलेलं मूल झोपायला, जेवायला आपल्याच घरी असतं. बहुतेक घरांत महिन्याभरात सगळे विसरूनही जातात आणि मूल आईला आई म्हणायला लागतं. ब्लूमा विसरली नाही. तिनं दोन मुलं पुरली होती. तिसरीच्या बाबतीत तिला गलथानपणा परवडणार नव्हता. घरातली ती ब्लूमामावशी झाली आणि आवारापलीकडे, अकरा पोरांच्या गलक्यात, बारावीचं नाव कधीच धड न आठवणारी हेन्या ‘आई’ झाली. पोरीच्या तोंडून चुकून ‘आई’ निघून गेलं, तर ब्लूमा हातातलं काम थांबवायची आणि छताकडे बघून मोठ्यानं म्हणायची, “तुझी आई पलीकडे आहे. इथे कुणी नाही.” पोरीला नाही, छताला सांगायची. आल्टेला आठवतं, ती पण मग छताकडे बघायची. तिथे ओलीचा एक डाग होता. पुष्कळ वर्षं तिला वाटायचं की तो डाग ऐकतो.

शुक्रवारी सकाळी मात्र जरा निराळं असायचं. पाव भट्टीत गेले की ब्लूमा पोरीला पुढ्यात घेऊन तिची वेणी घालायची, शब्बाथला केसांना हात लावायचा नाही म्हणून आधीच, घट्ट. पावाला सहा पेड, केसांना तीन. बोटांना अंड्याचा आणि खमिराचा वास. वेणी घालताना घालणारीला तोंड दिसत नाही आणि घालून घेणारीलाही. तेव्हा कधीकधी डोक्यावर मागून काहीतरी टेकायचं, टोकदार, उबदार, जरा वेळ तसंच राहायचं. हनुवटी. पोरीनं मान हलवायची नाही हे कुणी शिकवलं नव्हतं. ती हलवायची नाही.

लग्नाच्या मांडवाखाली उभं करायच्या आधी आईनं मूल परत विकत घ्यायचं असतं. नाणं परत द्यायचं, तीनदा म्हणायचं, झालं. पण आल्टेला सोळावं लागलं त्या हिवाळ्यात ब्लूमाच एका आठवड्यात आटोपली. शेवटच्या दिवशी पलंगापाशी बायका म्हणत होत्या, पोरीला बोलाव, काय बोलायचं ते बोल आता. आल्टे दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ब्लूमानं डोळे उघडले, छताकडे पाहिलं आणि विचारलं, “हेन्याची मुलगी आली का?” कुणीतरी म्हणालं, आली. “तिनं जेवून घ्यावं,” ब्लूमा म्हणाली. मग सात दिवस बाप आणि धाकटा भाऊ सुतकात जमिनीवर बसले, आणि आल्टे आल्यागेल्याला चहा देत राहिली. ती बसावी की नाही यावर आवारात दोन तट पडले. बापानं आयुष्यात कुठलाच तट धरला नव्हता, तेव्हाही धरला नाही. लग्नात तिला मांडवाखाली नेलं ते हेन्यानं. लग्नाच्या कागदावर बापाचं नाव लागतं, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही, बाहेरगावाहून आलेल्या नवऱ्यानंही नाही. मुलगी झाली तेव्हा आवारातल्या जुन्या बायका ‘ब्लूमा’ ऐकायला थांबल्या होत्या. आल्टेनं नवऱ्याच्या आजीचं नाव ठेवलं. त्यानंतर ती कधी आजारीच पडली नाही. सर्दीसुद्धा अंगावर काढायची. लोक म्हणायचे, काय प्रकृती आहे. प्रकृती कसली. आजारी पडलं की नाव विचारतात.

फिशेल, तिचा नवरा, बाजारातून मासे घेऊन आला तेव्हा ती परातीसमोर हात मांडीवर ठेवून बसली होती. तो बुकबाइंडर; त्याच्या बोटांवर सरसाची साल कायम असायची, ती सोलत तो म्हणाला, “पाव आज बघूनच भाजायचे का?” तिनं काय झालं ते सांगितलं. तो परातीवर वाकला, आत कुणी बुडालंय का बघावं तसा. “एवढंसं तर होतं,” तो म्हणाला. “एवढंसं नव्हतं,” ती म्हणाली. मग तो गंभीर झाला, आणि गंभीर झाला की तो कोट चढवायचा. म्हणाला, चल, रब्बींकडे, धर्मशास्त्र जाणतात ते, यावर उपाय असतो, मी एका पुस्तकाच्या शिवणीत वाचलंय. पुस्तकं तो अशीच वाचायचा, शिवणीच्या आजूबाजूची.

गल्लीत थंड वारा होता, दगडाच्या भिंतींतून येणारा. दारोदार त्याच वेळेचे वास येत होते, तळलेला कांदा, कोंबडीचं सूप, कुठे पहिल्या पावाचा. फिशेल नेहमीप्रमाणे दोन पावलं पुढे चालत होता आणि नेहमीप्रमाणे मागे वळून बोलत होता. त्याला आठवलं म्हणून त्यानं सांगितलं, मुद्दाम नाही. “अगं, परवा फाटकाशी एक माणूस भेटला. ब्लूमाची मुलगी इथे राहते का, म्हणून विचारत होता. मी म्हटलं, ब्लूमा कुणी नाही इथे.”

“कसा होता?”

“माणसासारखा. वर्गणीवाला असेल. टोपी होती.” मग जरा थांबून, “तुझ्या त्या मावशीचं नाव ब्लूमा होतं, नाही?”

वर्षातून एकदा ती गेलेल्या माणसाच्या तिथीचा एक दिवा लावायची, आणि कुणाचा म्हणून त्यानं विचारलं तर ‘मावशीचा’ म्हणायची. संसारात असं एखादं खोटं इतकं जुनं होतं की ते खोटं आहे हे सांगणाऱ्यालाही शोधावं लागतं. ती चालत राहिली. पाय बर्फासारखे झाले होते आणि तळहात मात्र कणकेसारखे कोमट.

रब्बींच्या खोलीत एक माणूस पिशवीत कोंबडी घेऊन बसला होता. काळजाच्या कडेला खिळा निघाला होता, अशी खायला चालते का विचारायला. रब्बींनी आल्टेचं ऐकून घेतलं, तुकडा केवढा होता विचारलं. सुपारीएवढा असता तर एवढ्या कणकेत विरून गेला असता, म्हणाले, शास्त्र तेवढी मुभा देतं. अंड्याएवढा विरत नाही. मग त्यांनी जावयाला हाक मारली, कोंबडीवाल्याला खुर्ची पुढे ओढायला सांगितली, आणि तिघे ओळीनं बसले; उच्चारलेला शब्द सोडवायला तिघांचं न्यायासन लागतं. कोंबडीवाल्यानं पिशवी पायाशी ठेवून टोपी नीट केली. एकदम न्यायाधीश झाल्यावर माणसाला जरा वेळ लागतो.

“वाटा काढल्याचा पस्तावा होतो का?” रब्बींनी विचारलं.

“होतो.”

“तो परत पडणार हे ठाऊक असतं, तर काढला असतास का?”

“नसता.”

तिघांनी एका सुरात तीनदा म्हटलं, मोकळं आहे, मोकळं आहे, मोकळं आहे. बस. एवढंच. रब्बी म्हणाले, जा, आता तो वाटा काढलाच नव्हता. मिसळला नाही, पडला नाही. पहिल्यापासून सगळी कणीकच होती. घरी जाऊन नव्यानं काढ, लहान काढ.

आल्टे हलली नाही. फिशेल दाराशी पोचला होता, परत आला.

“काढणारं माणूसच हयात नसेल तर?” तिनं विचारलं.

“कशाचं?”

“वाटा ज्यानं काढला, त्यालाच पस्तावा व्हावा लागतो ना. ते माणूस गेलं असेल तर?”

“तर कणीक टाकून द्यायची, बाई,” रब्बी सहज म्हणाले. आणि मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी चष्मा काढला.

तेव्हा तिनं सांगितलं. उभ्या उभ्या, थोडक्यात, जसं दुसऱ्या कुणाचं सांगावं. गोधडी, हेन्या, मावशी, रविवारचं ऑपरेशन, चाळीस बायका. फिशेल भिंतीला टेकला. इतक्या वर्षांच्या संसारात आपण कुणाचे जावई होतो हे त्याला आज कळत होतं. कोंबडीवाला पिशवीकडे बघत होता. रब्बी शेवटी हसले, पण वाईट नाही. ते म्हणाले, माणूस कणीक नाही. मूल विकता येतं असं शास्त्रात कुठेही नाही. घाबरलेल्या बायकांचा तो एक डाव आहे, मृत्यूच्या दूताला चकवण्याचा, आणि त्याला कुणी मनाई केली नाही एवढंच. “तू ब्लूमाची. एक दिवससुद्धा दुसऱ्या कुणाची नव्हतीस.”

“मग ताप कसा उतरला?”

रब्बींनी चष्मा परत लावला. “ते मला विचारून उतरत नाहीत,” ते म्हणाले.

परत येताना फिशेल मागे चालत होता, दोन पावलं. एकदा फक्त तिची बाही धरली आणि सोडली. आल्टे विचार करत होती. डाव खोटा असेल, तर बारा वर्षं एक बाई स्वतःच्या घरात, स्वतःच्या पोरीच्या तोंडून ‘आई’ न ऐकता राहिली, ती कशासाठी? आणि खरा असेल, तर तो अजून चालूच आहे, मोडायला कुणी उरलं नाही. ब्लूमाला त्या खोलीत, तिघांपुढे उभी करून तिनं बघितली. पस्तावा होतो का? ब्लूमानं छताकडे पाहिलं. असं होणार हे ठाऊक असतं तर केलं असतंस का? ब्लूमा तिघांना काय, तीस जणांनाही ‘नसतं’ म्हणाली नसती. पोर जगली होती. म्हणजे हे सुटणार नव्हतंच कधी. दोर धरून ठेवणारी गेली होती आणि मूठ तशीच आवळलेली राहिली होती. हेन्याचं नाव सांगावं. तेच ब्लूमाला हवं होतं. ते सांगितलं तर रविवारी टेबलावर हेन्याची म्हातारी आडवी असेल, आणि फाटकाशी टोपीवाला माणूस विचारून विचारून परत जाईल.

पण फाटकातून आत येताना तिला एक गोष्ट सुचली, आणि ती इतकी सोपी होती की ती हौदाच्या कठड्याला धरून थांबली. लपवलेली वस्तू सगळ्यांपासूनच लपते. रविवारी काही झालं, आणि ती हेन्याची म्हणून गेली, तर पलीकडे हेन्या असेल, आपल्या अकरा जणांत, हिचं नाव आठवत नसलेली. आणि कुठेतरी बाजूला ब्लूमा असेल, ओळख न दाखवता, अजून. चुकून कुणाला कळू नये म्हणून. ती तिथेही छताकडेच बघेल. जिनं लपवलं तिलाच ती सापडणार नव्हती. फाटकाशी आलेला तो माणूस कुणी पाठवला होता, मृत्यूनं की ब्लूमानं, हेसुद्धा मग तिला तितकंसं सांगता येईना.

घरात कणीक परातीच्या कडांवरून ओघळली होती. तिनं ती ठोसे देऊन खाली बसवली, पुन्हा प्रार्थना म्हटली, आणि सुपारीएवढा तुकडा तोडला. ‘हा वाटा’ म्हटलं. या वेळी तो लगेच कागदात गुंडाळून भट्टीच्या तळाशी टाकला, आणि तो करपल्याचा कडवट वास येईपर्यंत तिथेच उभी राहिली. मग कणकेचे भाग केले, पेड वळले. सहा पेडी पाव बोटं आपोआप विणत जातात, दुसरा वरून, पाचवा खालून. नजर मोकळी राहते. फिशेल दारात उभा होता. त्याला काहीतरी बोलायचं होतं. तो म्हणाला, “फोन मी लावू?” ती नको म्हणाली.

“झाला तुझा तास?” ब्रायना म्हणाली. “मी हेन्याच सांगणार होते आता सगळ्यांना.”

“हेन्या नाही. लिहून घेऊ नको, नुसतं सांग सगळ्यांना.” चौथ्या वर्षी घसा धरला होता तिथे आल्टेनं पिठाचं बोट टेकवलं. “गेनेंडल. ब्लूमाची मुलगी.”

“गेनेंडल कोण?”

“मी.”

ब्रायनानं फोन कानाला धरूनच खिडकी उघडली असावी, कारण तिचा आवाज एकदम फोनमधूनही आला आणि बाहेरूनही. आवारात ती जशी पोरांना जेवायला बोलवायची, तसं तिनं ते सज्जाकडे तोंड करून ओरडून सांगितलं. गेनेंडल, ब्लूमाची. वरच्या मजल्यावरून कुणीतरी ते उचललं. गेनेंडल, ब्लूमाची. मग जिन्यापाशी, मग धोब्याच्या बाजूला, मग पार गल्लीच्या तोंडाशी. म्हाताऱ्या, तरण्या, भाजीचा घास तोंडात असलेल्या, एकीमागून एक. काही ओळखीचे आवाज होते. काही नव्हते. एक आवाज खूप जवळून आला, आणि त्या बाजूला तर भिंतच होती. तो नाव पुरतं घेत नव्हता, नुसतं सुरू करत होता, पुष्कळ वर्षं न घेतलेलं नाव घेताना जीभ अडखळावी तसा.

आल्टेनं फोन ठेवला. दोन्ही हात पिठाचे होते, ते तिनं अंगापासून लांब धरले. मागे वळून बघायचं नाही असं तिनं ठरवलं नव्हतं; पण ती वळली नाही. मान अगदी स्थिर धरून, ज्याला ऐकायचं त्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात, ती म्हणाली, “आले.”